तापाचा कितवा दिवस? अँटिजेन-अँटिबॉडी तपासण्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरता सरता कोल्हापुरातल्या दवाखान्यांबाहेर चपलांचा ढीग वाढतो आणि माझ्याकडे रिपोर्टांचे फोटो यायला लागतात. पॉझिटिव्हवर लाल गोल, खाली एकच ओळ: "मॅडम, हे काय आहे?" बहुतेक फोटोंत एक गोष्ट नसते, ती म्हणजे ताप कधी सुरू झाला. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी तोच असतो. यावेळी निवडलेले प्रश्न वाचताना तोही सोबत ठेवा.

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या मुलाला परवा रात्रीपासून सणकून ताप आहे. काल रक्त तपासलं. एनएस-१ पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह आलं. डॉक्टर डेंग्यू म्हणतात. माझे दीर म्हणतात, तीनपैकी दोन निगेटिव्ह, म्हणजे डेंग्यू नाही. कोणाचं ऐकू? (गृहिणी, राजारामपुरी)

डॉक्टरांचं ऐका. दिरांचं बहुमत ग्रामपंचायतीत चाललं असतं. इथे तीन तपासण्या तीन वेगळ्या गोष्टी शोधतात आणि त्या एकाच दिवशी सापडत नाहीत.

एनएस-१ हे डेंग्यूच्या विषाणूचं स्वतःचं प्रथिन. विषाणू पेशींमध्ये वाढू लागला की ते रक्तात उतरतं. शरीर त्याला परकं म्हणून ओळखतं आणि त्याच्याविरुद्ध कामाला लागतं. अशा परक्या पदार्थाला अँटिजेन म्हणतात. आयजीएम आणि आयजीजी या त्याला नेमक्या चिकटणाऱ्या, आपल्याच शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं. दाजीपूरच्या बाजूला ज्यांची शेती आहे त्यांना हे लगेच कळेल. शिवारात उतरलेला गवा हा अँटिजेन आणि तो दिसल्यावर शेतकऱ्याने घातलेलं कुंपण ही अँटिबॉडी. कुंपण घालायला चार दिवस जातात आणि गवा रानात परतला तरी ते उभंच असतं. आधी घाईने लावलेल्या काट्याकुट्या, तो आयजीएम. मागाहून पक्की तार, तो आयजीजी.

आता तुमच्या मुलाचा रिपोर्ट बघा. दुसऱ्या दिवशी रक्तात विषाणूचं प्रथिन भरपूर असणार आणि अँटिबॉडी तयार व्हायला अवकाश असणार. रिपोर्ट तेच सांगतोय. एनएस-१ पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत चांगलं सापडतं, मग कमी होत जातं. आयजीएम बहुतेकांत पाचव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागतं आणि पुढे दोन-तीन महिने राहू शकतं. म्हणून सरकारी कार्यक्रमातही पाच दिवसांच्या आत एनएस-१ एलायझा (एलायझा म्हणजे रंग उमटवून अँटिजेन किंवा अँटिबॉडी शोधण्याची प्रयोगशाळेतली पद्धत) आणि त्यानंतर आयजीएम एलायझा अशी विभागणी आहे. या आयजीएम एलायझाचे किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था सरकारी प्रयोगशाळांना पुरवते. कोपऱ्यावरच्या लॅबमधलं झटपट कार्ड डॉक्टरांना दिशा देतं, पण सरकारी नोंदीत तेवढ्यावर रुग्ण पक्का धरत नाहीत.

याचाच उलटा धोका जास्त मोठा आहे. सहाव्या-सातव्या दिवशी कोणी फक्त एनएस-१ केलं, ते निगेटिव्ह आलं आणि "डेंग्यू नाही" म्हणून पेशंट कामावर गेला, असं दर हंगामात घडतं. पूर्वी एकदा डेंग्यू होऊन गेला असेल तर दुसऱ्या वेळी एनएस-१ लवकर नाहीसं होतं आणि आयजीजी पहिल्या काही दिवसांतच उसळी घेतं. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. वेगळ्या प्रकाराने दुसऱ्यांदा गाठलं तर आजार गंभीर व्हायची शक्यता वाढते. त्यामुळे तिसऱ्या दिवशी आयजीजी पॉझिटिव्ह दिसलं तर "हा जुना आहे, सोडा" असं म्हणू नका, उलट त्या पेशंटवर नजर ठेवा.

आणि प्लेटलेट. आपल्याकडे डेंग्यू म्हटलं की सगळं घर प्लेटलेट मोजतं. पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध, सगळं उंबऱ्यावर हजर! मला जास्त काळजी ताप उतरतानाच्या एक-दोन दिवसांची वाटते. ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि नेमकं तेव्हाच रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्त घट्ट होतं. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, अस्वस्थपणा यातलं काहीही दिसलं तर रात्र आहे म्हणून थांबू नका. तापासाठी पॅरासिटामॉलच, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने देऊ नका.

प्रश्न : मला या वर्षात तिसऱ्यांदा टायफॉईड झाला आहे. दर वेळी ताप आला की लॅबमध्ये विडाल करतो, १:८० पॉझिटिव्ह येतं, सलाईन आणि इंजेक्शनं होतात. मला वारंवार टायफॉईड का होतो? (दुकानदार, कागल)

बहुधा होत नाही. वर्षात तीन वेळा खरा टायफॉईड होणं फारच विरळा. वर्षात तीन वेळा विडाल पॉझिटिव्ह येणं मात्र अगदी सोपं.

विडाल ही अँटिबॉडीची तपासणी. फर्नांड विडाल या फ्रेंच डॉक्टरांनी ती 1896 मध्ये मांडली. टायफॉईडच्या जंतूचे दोन अँटिजेन, 'ओ' आणि 'एच', लॅबमध्ये तयार मिळतात. तुमच्या रक्तातलं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, घ्यायचं. एका नळीत वीसपट पातळ करायचं, पुढच्या नळीत चाळीसपट, मग ऐंशी, एकशे साठ, असं दुप्पट-दुप्पट करत जायचं. प्रत्येक नळीत अँटिजेन घालून रात्रभर उबेत ठेवायचं. सकाळी उजेडासमोर धरलं की कळतं: अँटिबॉडी असतील तिथे 'एच'चा साका सैल, फुगीर बसतो आणि 'ओ'चा बारीक, कणीदार. शेवटच्या ज्या नळीत साका दिसला ते तुमचं टायटर. १:८० म्हणजे ऐंशीपट पातळ केल्यावरही गुठळी दिसली. आज बऱ्याच ठिकाणी हे काचपट्टीवर मिनिटभरात उरकतात. घाईच्या वेळी फिकट गुठळीला पॉझिटिव्ह म्हणायचं की नाही, हे बघणाऱ्याच्या डोळ्यावर ठरतं.

अडचण अशी, की आपल्या भागात दूषित पाण्यामुळे या जंतूंशी किंवा त्यांच्या भाऊबंदांशी अनेकांचा कधी ना कधी संबंध आलेला असतो. ते कुंपण उभं असतं. दुसराच कुठला ताप आला तरी विडाल थोडं वर जाऊ शकतं. म्हणून आपल्याकडे १:८० ला फारसा अर्थ नाही. १:१६० किंवा त्याहून जास्त आलं तर विचार करायचा, तोही लक्षणं जुळत असतील तरच. पुस्तकातली खरी पद्धत म्हणजे दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन टायटर चौपट वाढलं का ते बघणं. दुसरा नमुना द्यायला कोण येतंय? ताप गेलेला असतो, बिल भरलेलं असतं.

आणखी गंमत म्हणजे विडाल बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच केलेलं असतं. खरा टायफॉईड असला तरी तेव्हा अँटिबॉडी वाढलेल्या नसतात, त्या आठवड्याच्या शेवटाकडे चढू लागतात. पहिल्या आठवड्यात रक्तात प्रत्यक्ष जंतू फिरत असतात, तेव्हा करायची ती ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं. आठ-दहा मिलिलिटर रक्त, अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जायच्या आधी. रिपोर्टला दोन ते पाच दिवस लागतात, खर्च विडालपेक्षा जास्त येतो, आणि कल्चर निगेटिव्ह आली म्हणून टायफॉईड नाहीच असंही म्हणता येत नाही. पण जंतू सापडला तर कोणतं औषध त्याला लागू पडतं तेही कळतं, आणि आज हीच माहिती सर्वांत मोलाची आहे. कारण जुनी औषधं टायफॉईडला पुरेनाशी झाली आहेत आणि त्याला आपणही हातभार लावला आहे, १:८० वर दिलेल्या इंजेक्शनांनी.

"डॉक्टर, विडाल करून टाका की!" असं म्हणण्याऐवजी पुढच्या वेळी "कल्चर करायची का?" असं विचारून बघा.

प्रश्न : झटपट तपासणीच्या कार्डावर 'टी'ची (टेस्टची) रेघ अगदी फिकट होती. लॅबवाल्याने पॉझिटिव्ह लिहिलं. घरी तासाभराने मोबाईलवरचा फोटो मोठा करून बघितला तर मला नीट दिसतच नाही. कार्डाच्या आत नेमकं चालतं काय? (विज्ञान शिक्षक, पन्हाळा)

कार्डाचं प्लॅस्टिक उघडलंत तर आत एक पांढरी पट्टी दिसेल. खाचेत नमुना आणि द्रावणाचे थेंब पडले की ते पट्टीवरून पुढे सरकतात. वाटेत सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना जोडलेल्या अँटिबॉडी वाळवून ठेवलेल्या असतात. हो, सोनंच, इतक्या बारीक कणांचं सोनं लाल दिसतं. नमुन्यात अँटिजेन असेल तर तो या कणांना चिकटतो आणि दोघं मिळून पुढे जातात. 'टी' जागेवर दुसऱ्या अँटिबॉडी पट्टीला घट्ट बसवलेल्या असतात, त्या अँटिजेनला पकडतात. कण तिथेच थांबतात आणि लाल रेघ उमटते. उरलेले कण 'सी' (कंट्रोल) जागेवर थांबतात, तिथे अँटिजेन असो वा नसो. म्हणून 'सी'ची रेघ आली नाही तर ते कार्ड बाद, मग 'टी'वर काहीही दिसो.

ठरलेल्या वेळेत, साधारण पंधरा-वीस मिनिटांत, फिकट रेघ उमटली तर ती पॉझिटिव्हच. फिकेपणा म्हणजे अँटिजेन कमी, इतकंच. वेळ टळून गेल्यावर पट्टी वाळते आणि नसलेल्या रेघाही दिसू लागतात, म्हणून तासाभराने बघितलेलं कार्ड किंवा त्याचा फोटो कामाचा नाही. घरी करायची गर्भधारणेची तपासणी याच तंत्रावर चालते. तिथे शोधायचा असतो एचसीजी हा संप्रेरक. एकाच प्रकारच्या, हव्या तेवढ्या अँटिबॉडी बनवण्याची युक्ती कोलर आणि मिलस्टाईन यांनी 1975 मध्ये दाखवली, 1984 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या युक्तीशिवाय ही स्वस्त कार्डं झालीच नसती. मुलांना वर्गात दाखवायला हा विषय झकास आहे.

प्रश्न : पूर ओसरल्यावर घरातला गाळ काढला. आठवड्याने भावाला ताप, पोटऱ्या दुखत होत्या, डोळे लाल. तिसऱ्या दिवशी लेप्टोची तपासणी निगेटिव्ह आली, तरी डॉक्टरांनी लेप्टोचं औषध चालू ठेवलं. नवव्या दिवशी तीच तपासणी पॉझिटिव्ह आली. आधीची चुकली होती का? (शेतकरी, शिरोळ तालुका)

नाही, दोन्ही बरोबर होत्या. लेप्टोस्पायरोसिसची नेहमी होणारी तपासणी आयजीएमची आहे आणि आयजीएम पाचव्या ते सातव्या दिवसानंतर दिसतं. तिसऱ्या दिवशी ती निगेटिव्हच यायची. त्या वेळी जंतू शोधायचा असेल तर रक्ताची पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी लागते, जी प्रत्येक तालुक्याच्या गावी होत नाही.

तुमच्या डॉक्टरांनी तपासणीपेक्षा गोष्ट ऐकली, हे त्यांचं कसब. उंदीर, गुरं, डुकरं, कुत्री यांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात-चिखलात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतात. 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की पुढच्या काही आठवड्यांत तापाच्या प्रत्येक पेशंटला "पाण्यात उतरला होतात का?" हे विचारायलाच हवं. पूर नसतानाही उसाला पाणी पाजणारा आणि गोठ्यात राबणारा माणूस या यादीत असतोच.

लेप्टोचं औषध जितकं लवकर तितकं बरं. कावीळ आणि किडनीपर्यंत गेलं की प्रकरण अवघड होतं. अँटिबॉडीची वाट बघत बसणं परवडत नाही. एक गुंतागुंत सांगून ठेवते. लेप्टो आणि डेंग्यू एकाच ऋतूत येतात, सुरुवातीला सारखेच दिसतात, आणि काही वेळा एकाच्या आजारात दुसऱ्याचं आयजीएम खोटं पॉझिटिव्ह येतं. दोन्ही पॉझिटिव्ह आले तर रिपोर्ट फेकून देऊ नका. लघवीची, किडनीची आणि लिव्हरची तपासणी सोबत ठेवून डॉक्टरांना ठरवू द्या. पुराच्या पाण्यात काम करावंच लागणार असेल तर गमबूट घाला, आणि आधीच आरोग्य केंद्रात विचारा. जोखीम बघून डॉक्टर प्रतिबंधासाठी डॉक्सीसायक्लिन देतात.

प्रश्न : मी तालमीत मेहनत करतो. दोन महिने संध्याकाळी बारीक ताप, रात्री घामाने अंथरूण भिजतं, कंबर धरली आहे, वजन उतरलं. विडाल झालं, मलेरिया झाला, टीबीचा फोटो झाला, सगळं नॉर्मल. आता डॉक्टरांनी "ब्रुसेला" लिहून दिलंय. हे काय असतं? आणि माझ्या दुधाचा याच्याशी काय संबंध? (पैलवान, कोल्हापूर)

हा प्रश्न आला याचा मला आनंद झाला, पेशंटला त्रास होतोय हे माहीत असूनही. कारण इतक्या लवकर हा विचार कोणी करत नाही.

ब्रुसेलोसिस हा मुळात जनावरांचा आजार. गाभण म्हैस किंवा गाय शेवटच्या तीन महिन्यांत गाभडते, वार अडकते, आणि मालक "नजर लागली" म्हणतो. तिच्या दुधातून, वारेतून, स्रावातून जंतू बाहेर पडतात. माणसाला ते कच्च्या दुधातून किंवा जनावराचं बाळंतपण हाताने केल्याने मिळतात. डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये माल्टा बेटावर सैनिकांच्या तापातून हा जंतू शोधला. तिथे मूळ होतं शेळीचं दूध. कोल्हापूरच्या वाचकाला पुढचं सांगायला नको. गंगावेशीतला दूधकट्टा, समोर पिळलेलं धारोष्ण दूध, फेसासकट पेला तोंडाला. मलाही त्या दुधाचं कौतुक आहे, पण पिते ते उकळूनच. म्हैस दिसायला धट्टीकट्टी असते, धार भरपूर असते, आणि तरीही तिच्या दुधात ब्रुसेला असू शकतो. कोणत्याही एका गोठ्याला दोष देण्याचा हा विषय नाही. कुठलंही कच्चं दूध याच हिशेबात येतं.

तपासणीकडे येऊ. पहिली सोपी चाचणी म्हणजे रोझ बेंगॉल. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर तुमच्या सीरमचा एक थेंब आणि गुलाबी रंग दिलेल्या मेलेल्या जंतूंचा एक थेंब ठेवायचा, काडीने ढवळायचं आणि फरशी हलके डोलवत राहायचं. अँटिबॉडी असतील तर चार मिनिटांच्या आत सपाट गुलाबी थेंबात दाणे फुटतात, कडेला गुलाबी किनार जमते. नसतील तर थेंब तसाच गुळगुळीत राहतो. पॉझिटिव्ह आलं की मग नळ्यांची चाचणी करून टायटर बघायचं; लक्षणं असताना १:१६० किंवा वर आलं तर गांभीर्याने घेतात.

या नळ्यांमध्ये एक फसवणूक असते. अँटिबॉडी फारच जास्त असतील तर पहिल्या, कमी पातळ केलेल्या नळ्यांत गुठळीच होत नाही. प्रत्येक जंतूभोवती इतक्या अँटिबॉडी गर्दी करतात की एक अँटिबॉडी दोन जंतूंना जोडू शकत नाही. नवखा तंत्रज्ञ पहिल्या दोन नळ्या बघून निगेटिव्ह लिहून मोकळा होतो आणि पुढच्या नळ्यांत भरघोस साका बसलेला असतो. याला प्रोझोन म्हणतात. म्हणून टायटर पुढपर्यंत लावायला सांगावं लागतं.

डॉक्टरांनी रक्ताची कल्चर पाठवली तर चिठ्ठीवर "ब्रुसेलाची शंका" असं ठळक लिहून घ्या. हा जंतू सावकाश वाढतो, त्यामुळे लॅबला बाटली जास्त दिवस ठेवावी लागते. शिवाय लॅबमध्ये काम करणाऱ्यालाच तो श्वासातून गाठू शकतो. न सांगता पाठवलेला नमुना म्हणजे आमच्या माणसांशी खेळ आहे. औषधं किमान सहा आठवडे, दोन एकत्र, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायची नाहीत. सोडलीत तर हा परत येतो. कंबरदुखी तर अंगावर काढू नका, मणक्याची तपासणी करून घ्या. आणि तालमीतल्या जोडीदारांना सांगा: थंडाई तीच, बदाम तेच, दूध फक्त उकळून गार केलेलं.

घरी जनावरं असतील तर चार ते आठ महिन्यांच्या रेड्या-कालवडींना आयुष्यात एकदा द्यायची लस आहे. राष्ट्रीय कार्यक्रमातून ती दिली जाते, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हाताने ओढू नका.

प्रश्न : नोकरीच्या मेडिकलमध्ये "अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह" आलं. मला कावीळ बी आहे का? नोकरी जाईल का? (तरुण, शिरोली एमआयडीसी)

नाही. 'अँटी' हा शब्द वाचा. एचबीएसएजी हा हिपॅटायटिस बी विषाणूचा अँटिजेन. तो पॉझिटिव्ह असेल तर विषाणू अंगात आहे, आणि सहा महिन्यांहून जास्त टिकला तर आजार जुनाट धरतात. तुमचं पॉझिटिव्ह आहे ते त्याविरुद्धचं संरक्षण. लस घेतली असेल तर ते तसंच यायला हवं. १० युनिटच्या वर असेल तर पुरेसं मानतात. लस घेतल्याचं आठवत नसेल तर अँटी-एचबीसी (विषाणूच्या आतल्या भागाविरुद्धची, लसीने न बनणारी अँटिबॉडी) करून बघा, तेही पॉझिटिव्ह आलं तर कधीतरी आजार होऊन गेला आहे. हा अँटिजेन शोधणारे बरूक ब्लुमबर्ग यांना 1976 चं नोबेल मिळालं आणि त्यांच्या जन्मदिवशी, २८ जुलैला, जागतिक हिपॅटायटिस दिन असतो. कंपनीच्या ऑफिसला हा रिपोर्ट समजावून सांगायला तुमच्या डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी पुरेल.

प्रश्न : सासूबाईंना महिनाभर खोकला आहे. एका ठिकाणी रक्तातून "टीबी आयजीजी-आयजीएम" करून पॉझिटिव्ह सांगितलं. औषधं सुरू करायची का? (गडहिंग्लज)

त्या रिपोर्टवर अजिबात नाही. टीबीच्या अशा रक्त तपासण्या इतक्या चुकतात की जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये त्यांच्याविरुद्ध स्पष्ट सांगितलं आणि 2012 मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. सरकारी दवाखान्यात बेडका द्या. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी मोफत होते, आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडतं का तेही त्यात कळतं. महिनाभर खोकला म्हणजे बेडका तपासायचाच. उद्याच न्या.

प्रश्न : (नाव-गाव देऊ नका.) दहा दिवसांपूर्वी असुरक्षित संबंध आला. काल एचआयव्ही तपासणी केली, निगेटिव्ह आली. मी सुटलो का?

अजून सांगता येत नाही. संसर्ग झाला तरी सुरुवातीला काही काळ कोणत्याच तपासणीत सापडत नाही, तो हा काळ. नुसत्या अँटिबॉडी शोधणाऱ्या तपासण्यांना तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. अँटिबॉडीसोबत पी-२४ हा विषाणूचा अँटिजेनही शोधणाऱ्या चौथ्या पिढीच्या तपासणीला, रक्त शिरेतून घेतलं तर, साधारण १८ ते ४५ दिवस. म्हणजे दीड महिन्याने चौथ्या पिढीची तपासणी करा आणि तीन महिन्यांनी एकदा पक्की. तोवर कंडोम वापरा आणि रक्तदान करू नका. रक्तदान करून फुकटात तपासून घेऊ, असं काही जण करतात. ते दुसऱ्याच्या जिवाशी खेळणं आहे.

संबंधानंतर ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे गेलं तर संसर्ग टाळणारी औषधं मिळू शकतात. तुमची ती वेळ गेली, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला उपयोग होईल. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात तपासणी मोफत असते. संमतीशिवाय ती होत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं 2017 च्या कायद्याने बंधनकारक आहे. पॉझिटिव्ह सांगण्याआधी तीन वेगवेगळ्या किटवर खात्री केली जाते. बोलायचं असेल तर १०९७ वर फोन करा.

प्रश्न : नवरा गडचिरोलीत कामाला असतो. तिथे फाल्सिपेरम मलेरिया झाला, औषधं पूर्ण केली, ताप गेला. घरी आल्यावर दोन आठवड्यांनी हौसेने कार्ड करून बघितलं तर पुन्हा पॉझिटिव्ह. औषध लागू पडलं नाही का? (कळंबा)

कार्ड अँटिजेनचं असूनही इथे फसवतं. फाल्सिपेरमसाठीची बरीच कार्डं एचआरपी-२ हे परजीवीचं प्रथिन शोधतात आणि परजीवी मेल्यावरही ते रक्तात काही आठवडे रेंगाळतं. म्हणून औषध लागू पडलं का, हे या कार्डाने ठरवायचं नसतं. ताप नसेल तर घाबरू नका, पण एकदा काचेवरचा रक्तलेप करून घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत परजीवी दिसतो की नाही ते बघितलं जाईल. पुन्हा थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्तलेप द्या आणि गडचिरोलीचा उल्लेख डॉक्टरांनी विचारायच्या आधी करा. जुन्या औषधांची रिकामी पाकिटं घरात असतील तर तीही सोबत न्या.